गर्भनिरोधक संप्रेरके आणि मनाची अस्वस्थता : संशय आल्यास काय करावे?

गर्भनिरोधक गोळी अथवा इंजेक्शन सुरू केल्यानंतर काही आठवड्यांतच काही महिलांना स्वतःमध्ये बदल जाणवू लागतो. वाचलेले लक्षात राहत नाही, बोलता बोलता नेमका शब्द आठवत नाही, साध्या हिशेबात चुका होतात. त्याच सुमारास काही कारण नसताना छातीत धडधडते, जिवाची घालमेल होते आणि रात्री झोप लागत नाही. डॉक्टरांकडे गेल्यास रक्तदाब व हिमोग्लोबिन ठीक असल्याचे सांगितले जाते आणि 'फार मनावर घेऊ नका' या सल्ल्यावर विषय संपतो. प्रश्न मात्र कायम राहतो. हा त्या औषधाचा परिणाम तर नसेल?

या प्रश्नाला सरसकट होकार अथवा नकार देता येत नाही. संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके घेणाऱ्या बहुसंख्य महिलांना असा त्रास होत नाही; काहींना मात्र तो होऊ शकतो, हे आजवरच्या संशोधनावरून दिसते. एखाद्या महिलेच्या बाबतीत तो औषधामुळेच आहे किंवा नाही, हे बऱ्याच अंशी तपासून पाहता येते. त्यासाठी तक्रार उडवून न लावणे जितके आवश्यक आहे, तितकेच घाईने औषध बंद करून नको असलेल्या गर्भधारणेचा धोका न पत्करणेही आवश्यक आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील विवाहित महिलांपैकी ५.१ टक्के महिला गर्भनिरोधक गोळ्या, तर ०.६ टक्के महिला इंजेक्शनचा वापर करीत होत्या. टक्केवारी लहान वाटली तरी देशाची लोकसंख्या पाहता हा आकडा मोठा आहे. शिवाय बीजकोशांचा पीसीओएस हा विकार, अनियमित पाळी किंवा चेहऱ्यावरील मुरमे यांसाठी याच गोळ्या घेणाऱ्या अविवाहित तरुणींचा यात समावेश नाही. या तरुणींना घरात उघडपणे बोलणे अनेकदा अवघड जाते आणि त्यामुळे त्यांचा त्रास नोंदवलाच जात नाही.

लक्षणांचे स्वरूप

एकाग्रता न होणे, विस्मरण, विचार मंदावल्यासारखे वाटणे या स्थितीला सामान्यतः 'ब्रेन फॉग' असे म्हटले जाते. हे एखाद्या रोगाचे नाव नव्हे, तर लक्षणांच्या समूहाला मिळालेले बोलीतील नाव आहे. त्यामुळे रक्ताच्या एखाद्या चाचणीत ते दिसून येत नाही. चिंतेचे तसे नाही. तिचे मोजमाप करण्यासाठी प्रमाणित प्रश्नावल्या उपलब्ध असून मानसोपचारतज्ज्ञ व अनेक सामान्य वैद्यही त्यांचा वापर करतात. ही दोन्ही लक्षणे बहुधा हातात हात घालून येतात. सततच्या काळजीमुळे लक्ष विचलित होते, झोप अपुरी राहते आणि अपुऱ्या झोपेमुळे स्मरणशक्ती व काळजी या दोहोंवर आणखी परिणाम होतो.

संप्रेरकांचा मेंदूशी संबंध

सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळणाऱ्या 'माला-एन' या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे कृत्रिम प्रोजेस्टोजेन ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम असते. पाकिटातील २८ गोळ्यांपैकी २१ गोळ्यांत ही संप्रेरके असतात आणि उरलेल्या सात गोळ्या लोहाच्या असतात. 'अंतरा' या नावाने दर तीन महिन्यांनी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनमध्ये केवळ प्रोजेस्टोजेन असते.

ही संप्रेरके बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया थांबवतात. त्यासोबत शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे प्रमाणही घटते. या प्रोजेस्टेरॉनपासून अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो. मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या रासायनिक यंत्रणेवर त्याचा प्रभाव पडतो. झोपेच्या व चिंता कमी करणाऱ्या अनेक औषधांचे कार्यही याच यंत्रणेमार्फत चालते. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे ताणतणावाच्या वेळी कॉर्टिसॉल या संप्रेरकाद्वारे शरीर देत असलेला प्रतिसादही बदलतो, असे अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे मनःस्थितीवर परिणाम होण्याची शक्यता शरीरशास्त्राला धरून आहे. तो परिणाम प्रत्येकीवर सारखा का होत नाही, याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही.

आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे यकृताकडून होणारा कॅफिनचा निचरा मंदावतो. म्हणजेच पूर्वी सहज पचणारा सायंकाळचा चहा किंवा कॉफी गोळी सुरू झाल्यावर रात्री उशिरापर्यंत शरीरात रेंगाळते. धडधड, हातांचा कंप व निद्रानाश यांचे मूळ काही वेळा चहाच्या कपात सापडते. दुपारनंतर चहा-कॉफी वर्ज्य करून दोन आठवडे निरीक्षण करणे हा म्हणूनच सर्वांत सोपा व बिनखर्चाचा प्रयोग ठरतो.

संशोधन काय सांगते?

या विषयावरील सर्वाधिक चर्चिला गेलेला डेन्मार्कमधील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५ ते ३४ वर्षे वयाच्या १० लाखांहून अधिक महिलांच्या आरोग्यनोंदी तपासण्यात आल्या. संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके न वापरणाऱ्या दर १,००० महिलांमागे वर्षाला सुमारे १७ जणींनी, तर वापरणाऱ्या दर १,००० महिलांमागे सुमारे २२ जणींनी प्रथमच नैराश्यावरील औषध सुरू केल्याचे आढळले. पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलींमध्ये हा फरक अधिक ठळक होता. हजारात पाच जणींची वाढ ही घबराट निर्माण करणारी नाही. मात्र त्या पाच जणींच्या दृष्टीने ती नगण्यही नाही. अशा अभ्यासातून परस्परसंबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे.

कारणाच्या अधिक जवळ जाणारा प्रयोग स्वीडनमध्ये झाला व त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३४० निरोगी महिलांपैकी काहींना गर्भनिरोधक गोळी, तर काहींना तशीच दिसणारी परंतु औषध नसलेली गोळी तीन महिने देण्यात आली. कोणाला कोणती गोळी मिळाली हे महिलांना वा संशोधकांना ठाऊक नव्हते. गोळीतील संप्रेरके व त्यांचे प्रमाण 'माला-एन'मधील प्रमाणाएवढेच होते. खरी गोळी घेणाऱ्या महिलांमध्ये नैराश्याची लक्षणे लक्षणीयरीत्या वाढली नाहीत. परंतु उत्साह, मनावरील ताबा आणि एकूण स्वास्थ्याची भावना यांत घट झाल्याचे दिसून आले. अनेक महिला 'आजारी नाही, पण पूर्वीसारखे वाटत नाही' असे जे सांगतात, त्याच्याशी हा निष्कर्ष जुळतो.

स्वीडनमधील उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक महिलांची माहिती अभ्यासली. गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत नैराश्याचा धोका वाढलेला असतो व पुढे तो कमी होतो, असे त्यांना आढळले. त्यापूर्वी २०१८ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या समितीने संप्रेरकयुक्त गर्भनिरोधकांच्या माहितीपत्रकात नैराश्य व त्यातून उद्भवू शकणाऱ्या आत्महत्येच्या विचारांविषयी इशारा देण्याची शिफारस केली होती.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाळीपूर्वी तीव्र मानसिक त्रास होणाऱ्या काही महिलांना विशिष्ट गोळ्यांमुळे आराम मिळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये ड्रोस्पिरेनोनयुक्त एका गोळीला याच कारणासाठी मान्यता दिली. नैराश्य असलेल्या महिलांनी ही साधने वापरण्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बंधन नाही. स्मरणशक्ती व एकाग्रतेवरील परिणामांचे अभ्यास मात्र संख्येने कमी व आकाराने लहान असून त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

या विसंगतीचे एक कारण असे की, ज्या महिलांना गोळी मानवत नाही त्या ती पहिल्या काही महिन्यांतच सोडून देतात. पुढे अभ्यासासाठी उरतात त्या प्रामुख्याने गोळी मानवलेल्या महिला. त्यामुळे सरासरी आकडा दिलासादायक दिसतो आणि त्रास झालेल्यांचा अनुभव त्यात झाकला जातो.

दुर्लक्षाचा जुना इतिहास

महिलांच्या तक्रारी मनावर न घेण्याची प्रवृत्ती या गोळीइतकीच जुनी आहे. गोळीच्या मोठ्या चाचण्या १९५६ मध्ये प्वेर्तो रिको येथे सुरू झाल्या. तेथील प्रभारी डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी सुमारे १७ टक्के महिलांना चक्कर, मळमळ, डोकेदुखी यांसारखे त्रास होत असल्याचे कळवले होते. मुख्य संशोधक ग्रेगरी पिंकस यांनी मात्र यांतील बराचसा भाग मानसिक असल्याचे मानले. त्या काळच्या गोळीत संप्रेरकांचे प्रमाण आजच्या तुलनेत कितीतरी अधिक होते. १९६० मध्ये अमेरिकेत तिला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली.

पुढे १९७० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली. साक्षीसाठी गोळी घेणाऱ्या महिलांना बोलावण्यात आले नसल्याने प्रेक्षकांत बसलेल्या महिलांनी उभे राहून जाब विचारला. त्यानंतर गोळीसोबत दुष्परिणामांची माहिती देणारे पत्रक देणे तेथे बंधनकारक झाले. आज प्रत्येक पाकिटात आढळणाऱ्या माहितीपत्रकामागे ही पार्श्वभूमी आहे.

अन्य कारणांची पडताळणी

संशय गर्भनिरोधकावर असला तरी तपासणी तेथेच थांबू नये, कारण हीच लक्षणे निर्माण करणारे व उपचारांनी बरे होणारे अनेक विकार भारतीय महिलांमध्ये सर्रास आढळतात.

पहिला विकार रक्तक्षयाचा. उपरोक्त सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातील लोहाचा साठा घटलेला असू शकतो व तो फेरिटिन या चाचणीतून कळतो. दुसरे कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी कुटुंबांत ती विशेषत्वाने दिसते. पुणे व परिसरात झालेल्या अभ्यासांतही ती मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. गोळ्या घेणाऱ्या महिलांच्या रक्तातील बी-१२ची पातळी काहीशी कमी आढळते, ही बाबही विचारात घ्यावी लागते.

तिसरे कारण थायरॉइडचे. गोळीतील इस्ट्रोजेनमुळे रक्तातील एकूण थायरॉइड संप्रेरकाचा आकडा प्रत्यक्ष विकार नसतानाही वाढलेला दिसू शकतो. म्हणून टीएसएच व 'फ्री टी-४' या चाचण्यांवर विसंबणे अधिक योग्य ठरते आणि तपासणीच्या वेळी गोळी सुरू असल्याचे सांगणे आवश्यक असते. यांखेरीज रक्तातील साखर, अपुरी झोप, अन्य औषधे, घरातील हिंसा वा कामाचा अतिताण यांचीही विचारपूस व्हायला हवी. गोळ्या अनियमित घेतल्या गेल्या असतील, तर गर्भधारणेची चाचणीही करून घ्यावी.

प्रसूतीनंतरच्या काळात विशेष दक्षता हवी. भारतात अनेक महिला गर्भनिरोधकाचा वापर याच काळात सुरू करतात. प्रसूतीपश्चात नैराश्य, जागरणे व रक्तक्षय यांचाही काळ तोच असतो. अशा वेळी सारा दोष इंजेक्शनला देऊन मूळ आजाराकडे दुर्लक्ष होण्याची, अथवा याउलट घडण्याची शक्यता असते.

नोंदवहीचे महत्त्व

तपासणीत अन्य कारण न आढळल्यास सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे साधी वही. दररोज रात्री झोपण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात : पाळीचा किंवा पाकिटातील गोळीचा दिवस, झोपेचे तास, चिंतेची तीव्रता, एकाग्रतेची स्थिती व त्या दिवसातील विशेष घटना. तीव्रतेसाठी शून्य ते दहा असे गुण द्यावेत. किमान दोन महिने ही नोंद ठेवल्यास नकळत पडलेला क्रम डोळ्यांपुढे येतो.

लक्षणे गोळी सुरू करण्यापूर्वीपासून होती की नंतर आली, हा त्यातील पहिला प्रश्न. ती केवळ लोहाच्या गोळ्यांच्या सात दिवसांत वाढत असतील, तर त्यांचा संबंध संप्रेरके अचानक थांबण्याशी असू शकतो आणि त्यावरील उपायही वेगळा असतो. ती महिनाभर सारखीच असतील, तर अन्य कारणांचा पुन्हा विचार करावा लागतो. परीक्षा, आजारपण किंवा घरातील ताण यांच्याशीच ती जुळत असतील, तर तेही वहीतून स्पष्ट होते. ही वही डॉक्टरांपुढे ठेवल्यास 'मला बरे वाटत नाही' या मोघम तक्रारीला तारखांचा व आकड्यांचा आधार मिळतो आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड होते.

औषध बदलताना

सुरुवातीचे मळमळ, डोकेदुखी यांसारखे किरकोळ त्रास बहुतांश महिलांमध्ये पहिल्या तीन महिन्यांत ओसरतात. म्हणून सौम्य लक्षणे असल्यास तेवढा अवधी देण्याचा सल्ला दिला जातो. मानसिक त्रास तीव्र असल्यास मात्र तीन महिने थांबण्याची आवश्यकता नाही.

गोळी थांबवणे वैद्यकीयदृष्ट्या सोपे आहे. ती थांबवण्यापूर्वी पर्यायी साधन हाती असणे आवश्यक आहे. गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांतच गर्भधारणेची क्षमता परत येऊ शकते. इंजेक्शनचे तसे नाही. एकदा घेतलेले इंजेक्शन शरीरातून काढून टाकता येत नाही व अखेरच्या इंजेक्शननंतर गर्भधारणा होण्यास सामान्यतः सात ते दहा महिने लागतात. त्यामुळे पूर्वी नैराश्य किंवा तीव्र चिंतेचा त्रास झालेल्या महिलांनी इंजेक्शन घेण्यापूर्वीच हा इतिहास डॉक्टरांना सांगणे हितावह ठरते.

संप्रेरकविरहित पर्यायांत निरोध व तांबी यांचा समावेश होतो. सरकारी केंद्रांत मिळणारी कॉपर-टी ३८० ए ही तांबी दहा वर्षांपर्यंत परिणामकारक राहते. मात्र तिच्यामुळे पाळीतील रक्तस्राव वाढू शकत असल्याने रक्तक्षय असलेल्या महिलांनी आधी उपचार घ्यावेत. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेली व 'छाया' या नावाने वितरित होणारी गोळी स्टेरॉइड वर्गातील नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व त्यानंतर आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. बदलाच्या काळात निरोधचा वापर सुरू ठेवावा. तातडीची गर्भनिरोधक गोळी हा नियमित साधनाला पर्याय होऊ शकत नाही. तिच्यातील लेव्होनॉर्जेस्ट्रेलचे प्रमाण दीड मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गोळीच्या दहापट असते.

औषध बदलल्यानंतरही नोंदवही सुरू ठेवावी. दोन-तीन महिन्यांत लक्षणे स्पष्टपणे ओसरली, तर संशयाला बळकटी मिळते. ती तशीच राहिली, तर चिंताविकारावर स्वतंत्र उपचार घेण्याचा मार्ग मोकळा होतो. दोन्ही परिस्थितींत महिलेच्या हाती काही निश्चित येते. चिंतेवरील किंवा नैराश्यावरील औषधे आधीच सुरू असल्यास ती स्वतःच्या विचाराने बंद करू नयेत. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन व अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा प्रभाव घटतो, तर लॅमोट्रिजिन या अपस्मारावरील औषधाचा प्रभाव गोळीमुळे घटतो, हेही डॉक्टरांच्या निदर्शनास आणावे.

विलंब नको अशी लक्षणे

अचानक उद्भवलेली तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, बोलताना अडखळणे, चेहऱ्याचा किंवा हातापायाचा एका बाजूचा बधिरपणा, झटके, छातीत दुखणे, धाप लागणे अथवा एका पायाला सूज येऊन वेदना होणे ही लक्षणे रक्ताच्या गुठळीची असू शकतात. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे हा धोका काही प्रमाणात वाढतो. अशा वेळी वहीत नोंद करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा वा ठिपके दिसून अर्धशिशी उठणाऱ्या महिलांनी इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेऊ नयेत, असे वैद्यकीय निकष आहेत.

जगणे नकोसे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे हीदेखील तातडीची लक्षणे आहेत. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.

तक्रार नोंदवणे हाही हक्क

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी देशात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम राबवला जातो. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे समन्वयन आहे. संशयित दुष्परिणाम केवळ डॉक्टरच नव्हे, तर रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळवू शकतात. त्यासाठी कारण सिद्ध झालेले असण्याची आवश्यकता नसते. अशा नोंदींतूनच औषधांचे परिणाम भारतीय महिलांवर कसे होतात, याचे चित्र स्पष्ट होत जाते.

या साऱ्या प्रक्रियेत कुटुंबीयांची, विशेषतः पतीची भूमिका महत्त्वाची आहे. गर्भनिरोधनाची जबाबदारी दोघांची असल्याने बदलाच्या काळात निरोधचा वापर करणे, नोंदवहीतील बदल लक्षात घेणे व डॉक्टरांकडे सोबत जाणे एवढे त्यांनी केले तरी महिलेवरील ताण बराच हलका होतो. गर्भनिरोधनाच्या साधनांनी असंख्य महिलांना स्वतःच्या आयुष्याचे नियोजन करण्याची मुभा दिली आहे. एखादे साधन न मानवणे हा त्या महिलेचा दोष नव्हे आणि सर्वच साधनांचाही नव्हे. योग्य तपासणी, काळजीपूर्वक नोंद व वेळीच केलेला बदल यांच्या आधारे बहुतेकींना मानवेल असे साधन निवडता येते.